जरा डिकी धर

आमच्या घरात डिकी उघडायची प्रत्येकाची आपापली तऱ्हा होऊन बसली होती. बाबा डाव्या हातानं दरवाजा तोलून धरत आणि उजव्या हातानं पिशव्या काढत. भाऊ उंच, तो सरळ डोकं लावी. मी खांदा देत असे. आई तर दरवाजाखाली जातच नसे. बाजूला उभी राहून छत्रीच्या मुठीनं एकेक पिशवी कडेला ओढून घेई. शिवाय जुन्या झाडूचा दांडा मापानं कापून केलेला एक टेकू डिकीत कायमचा वस्तीला आला होता. बाजारातून आल्यावर एकानं सामान काढायचं आणि दुसऱ्याला हाक मारायची, 'जरा डिकी धर गं.' ही हाक इतकी अंगवळणी पडली की डिकी धरावी लागते म्हणजे काहीतरी बिघडलंय, हा विचारच मागं पडला.

गाडी २०१० सालची, छोटी, पाच दरवाजांची. पाचवा दरवाजा वरच्या बिजागऱ्यांवर उचलला जातो आणि दोन बाजूंच्या दोन काळ्या नळ्या त्याला वर धरून ठेवतात. दुकानात त्यांना डिकीचे शॉकर म्हणतात. हे शॉकर कमजोर होतात ते कुणाला कळू न देता. दिवा गेला तर अंधार पडतो, टायर बसला तर गाडी एका बाजूला ओढते. यांचं तसं नाही. एखाद्या वर्षी दरवाजा शेवटची चार बोटं हातानं वर लोटावा लागतो. लोटायची सवय होते. पुढं तो वर जाऊन थांबतो, पण वारा आला की झुकतो. मग आपण वाऱ्याचा अंदाज घेऊन गाडी लावायला शिकतो. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे त्याचं वागणं दिवसभर सारखं नसतं. जानेवारीतल्या सकाळी हात सोडताच दरवाजा खाली यायचा आणि दुपारी, उन्हात तापलेल्या गाडीचा तोच दरवाजा नीट उभा राहायचा. आई सकाळी मंडईला जायची, तिची तक्रार खरी. भाऊ दुपारी गाडी न्यायचा, त्याचं 'कुठं काय झालंय?' हेही खरं. या एका दरवाजावरून घरात बरेच वाद झाले, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते हे पुढं बाबांनी गणित मांडल्यावर कळलं.

हे असंच चालू राहिलं असतं. पण साताऱ्याहून आत्या आली. स्वारगेटवरून तिला घेऊन आलो, गाडी खाली लावली आणि आम्ही लिफ्टपाशी बोलत उभे राहिलो. आत्याला कुणी सामान काढून देईपर्यंत थांबायची सवय नाही. तिनं डिकी उघडली आणि शेंगांचं पोतं ओढायला कमरेत वाकून आत गेली. दरवाजा आधी जागच्या जागी थरथरला आणि मग खाली यायला लागला. बाबा धावले, मध्ये हात घातला. दरवाजाची कड त्यांच्या मनगटावर बसली. मनगट सुजलं, त्याहून जास्त काही झालं नाही. आत्या मात्र चिडली. 'अरे, तुमची डिकी पडते हे मला कसं कळायचं?'

तिच्या या प्रश्नानं मला फार विचार करायला लावला. घरातला दोष घरच्यांना पाठ असतो. कुठल्या नळाचा आटा फिरतो, कुठल्या बटणाला हात लावायचा नाही, कुठली खुर्ची सांभाळून घ्यायची, हे सगळं आपल्या अंगात मुरलेलं असतं आणि त्यालाच आपण 'चाललंय की' म्हणतो. पण ती वस्तू चालत नसते, तिच्या जागी आपण चालत असतो. जो माणूस आमच्यात राहत नाही, त्याला ते कळायचा काही मार्ग नाही. पाहुणा, हमाल, सोसायटीतलं एखादं पोर, गाडी धुणारा मुलगा. डिकी उघडली की ती उघडी राहते, एवढा साधा विश्वास घेऊन ही माणसं वाकतात. तो विश्वास चुकीचा नाही. गाडी बनवणाऱ्यानं तो दिलेला असतो आणि गाडी ठेवणाऱ्यानं तो पाळायचा असतो.

काही नातेवाइकांचं म्हणणं पडलं, गाडीला पंधरा वर्षं होऊन गेली, आता तिच्यावर कशाला खर्च करता, काढून टाका. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करून घ्यावं लागतं, ते पाच वर्षांसाठी मिळतं. त्याची फी २०२२च्या एप्रिलपासून सहाशेवरून पाच हजारांवर गेली आहे. ती आम्ही भरली होती. म्हणजे गाडी आणखी काही वर्षं रस्त्यावर राहणार हे ठरलेलंच होतं. मग तिच्यावरचा खर्च तिच्या विक्रीच्या किमतीशी ताडून पाहायचा, हे मला पटत नाही. जुनी गाडी विकायला काढली तर डिकीच्या शॉकरांनी तिची किंमत शंभर रुपयांनीही वाढत नसेल. पण तो दरवाजा ज्याच्या डोक्यावर उभा असतो, त्या माणसाचं वय गाडीच्या वयाबरोबर मोजायचं नसतं.

बाबा पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाले. मापाशिवाय बोलायचं नाही, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. मनगटाची सूज उतरायच्या आतच ते व्हर्नियर घेऊन खाली गेले. नळीची दोन्ही टोकं ज्या गोळ्यांवर बसतात त्यांच्यामधलं अंतर घेतलं, दरवाजा उघडा आणि मिटलेला असताना नळीतला दांडा किती आत-बाहेर होतो ते घेतलं, दांड्याची जाडी घेतली. ८ मिलिमीटर. नळीवर पुसट पांढऱ्या अक्षरांत भागाचा क्रमांक होता आणि पुढं ४०० एन, म्हणजे ४०० न्यूटन, ढोबळमानानं चाळीस किलोचा जोर. कॅलेंडरच्या उलट्या पानावर त्यांनी आकडे मांडले. ८ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस मिलिमीटर. ४००ला ५०नं भागलं की ८. याचा अर्थ नवी असताना या नळीत सुमारे ८० बारचा दाब होता. टायरमध्ये आपण भरतो ती हवा सव्वादोन बारच्या आसपास.

'पण दांड्याच्या क्षेत्रफळानं का भागायचं? आतला दट्ट्या तर त्याहून मोठा असेल,' मी विचारलं.

बाबांचा चेहरा खुलला. त्यांनी आकृती काढली. नळीत नायट्रोजन कोंडलेला असतो. दट्ट्याला बारीक वाट ठेवलेली असते, त्यामुळं वायू त्याच्या दोन्ही बाजूंना असतो आणि दोन्हीकडं दाब सारखाच. वरून जेवढं ढकलणं, खालून जवळपास तेवढंच. जवळपास, कारण एका बाजूला दट्ट्याच्या मधोमध दांडा बसलेला आहे. तेवढ्या जागेवर वायूला हात टेकवता येत नाही. दांड्याच्या तोंडाएवढी ती तफावत, ५० चौरस मिलिमीटरची, तीच दांड्याला बाहेर लोटत राहते. दोन्हीकडून इतकं मोठं बळ एकमेकांशी फिटतं आणि जे उरतं त्यावर दरवाजा उभा राहतो. मी कितीतरी वेळ ती आकृती बघत बसले. एवढी वर्षं ही नळी डोळ्यांसमोर होती, आणि तिच्या आत असा हिशेब चालू आहे याची मला कल्पनाही नव्हती.

आई-भावाच्या वादाचा निकालही त्याच कागदावर लागला. कोंडलेल्या वायूचा दाब तापमानाबरोबर चढतो-उतरतो. अंश सेल्सियसमध्ये २७३ मिळवायचे आणि गुणोत्तर काढायचं. सकाळी १० अंश असताना २८३, उन्हात तापलेल्या गाडीत ४० अंश धरले तर ३१३. म्हणजे सकाळपेक्षा दुपारी सुमारे दहा टक्के जास्त जोर. नव्या शॉकरमध्ये जोराला पुरेशी सवड ठेवलेली असते, हा दहा टक्क्यांचा फरक त्यात पचून जातो. जुना शॉकर काठावर आलेला असतो. त्याला तेवढ्यानंच तारलं किंवा बुडवलं. आई म्हणाली, 'म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना?' भाऊ म्हणाला, 'मी पण नाही.'

चाळीस किलो जोराचे दोन शॉकर आणि दरवाजा त्या मानानं कितीतरी हलका, हे कसं, तेही बाबांनी दाखवलं. शॉकर बिजागरीच्या अगदी जवळ जोडलेले असतात, त्यांना तरफेची बाजू आखूड मिळते. दरवाजाचं वजन मात्र लांबवर. त्यातही दरवाजा मिटलेला असताना शॉकरची रेघ जवळजवळ बिजागरीतूनच जाते, म्हणून सुरुवातीला दरवाजा आपण उचलायचा आणि एका ठिकाणानंतर तो आपसूक वर जातो. तो क्षण हाताला कळतो. हातातलं ओझं कुणीतरी काढून घेतलं असं वाटतं. आमच्या गाडीत तो क्षण कधी नाहीसा झाला, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही.

ही वस्तू फार जुनी नाही. युरोपात १९६१ साली रेनो ४ आली, मागचा अख्खा दरवाजा वर उचलायचा अशी गाडी. त्याच सुमाराला, १९६२मध्ये, ऱ्हाइनकाठच्या कोब्लेंझ गावातल्या स्टॅबिलस या कंपनीनं गॅस स्प्रिंगांचं, म्हणजे याच नळ्यांचं, कारखानी उत्पादन सुरू केलं. मागचा दरवाजा मोठा आणि जड होत गेला तसा त्याला धरणारा हा भाग गाडीत ठरूनच गेला. आपल्याकडं १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाला पाठीमागं उघडणारी छोटी गाडी माहीत झाली. १९९८च्या डिसेंबरात टाटांनी इंडिका आणली, ती इथंच पिंपरीत बनायची. त्या वर्षांत बाबांच्या टूलरूममध्ये अशा भागांचे जिग-फिक्श्चर येत असत, त्याबद्दल ते अजून उत्साहानं बोलतात. आता हीच नळी ऑफिसच्या खुर्चीत, सामान ठेवायच्या पलंगात, स्वयंपाकघरातल्या वर उघडणाऱ्या कपाटात आहे. तिथंही ती तितकीच निमूटपणे काम करते आणि तितकीच निमूटपणे थकते.

थकायचं कारण म्हणजे दांडा जिथून आत जातो तिथली रबरी सील. आत थोडं तेल असतं, ते सील ओली ठेवतं आणि दरवाजा वर पोचताना त्याची गती मंद करतं. म्हणून दरवाजा मिटलेला असताना दांडा खाली आणि नळी वर अशीच जोडणी असावी लागते. तेल सीलवर उतरून राहतं. सील कोरडी पडली, कडक झाली, तिच्यावर ओरखडा आला की नायट्रोजनला वाट मिळते. आमच्या उजव्या शॉकरच्या दांड्यावर पांढऱ्या रंगाचे तीन-चार कण चिकटलेले मला दिसले. मागं कधीतरी दरवाजाचा पत्रा रंगवून घेतला होता, त्या फवाऱ्यातले. नखानं खरवडले तर निघेनात. दर वेळी डिकी बंद करताना ते कण सीलमधून आत जात होते आणि उघडताना बाहेर येत होते. सीलच्या तोंडाशी तेल आणि धूळ मिळून काळं कडं जमलं होतं. डावा दांडा स्वच्छ होता, तरी जोर त्याचाही गेलेलाच. एक कमजोर पडला की सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि दरवाजा तिरका ओढला जातो, म्हणून शॉकर नेहमी जोडीनंच बदलायचे.

नवी जोडी घ्यायला नाना पेठेत गेलो. तिथल्या दुकानात मागणी सांगायची ती गाडीचं नाव आणि साल. दुकानदारानं दोन खोकी काढली. मग आणखी एक जोडी पुढं सरकवली. 'काका, हे न्या. मापाला हेच बसतात, पण मोठ्या गाडीचे आहेत, ताकद जास्त. डिकी एका झटक्यात वर जाईल.'

'झटक्यात नको,' बाबा म्हणाले. 'माझ्या बायकोला बंद करता आली पाहिजे.'

दुकानदार भला माणूस, त्याला लगेच पटलं. जास्त जोराचा शॉकर म्हणजे जास्त चांगला, हा समज सगळीकडं आहे. खरं तर अशानं दरवाजा हनुवटीवर उसळतो, बिजागरीपाशी पत्र्यावर ताण येतो, आणि ज्याच्या हातात जोर कमी त्याला तो खाली ओढता येत नाही. ठरलेल्या ओझ्याला ठरलेलाच जोर हवा. ४०० न्यूटनचीच जोडी घेतली, हजार-दीड हजारात काम झालं.

बसवायला रविवारची सकाळ धरली. दरवाजा पूर्ण उघडाच ठेवायचा, कारण नवा शॉकर हातानं दाबून आखूड करता येत नाही. तो पूर्ण लांबीचाच बसवावा लागतो. भावानं दोन्ही हातांनी दरवाजा वर धरला, शिवाय झाडूचा टेकू लावला. टोकाची वाटी गोळीवर बसलेली असते आणि तिच्याभोवती तारेची छोटी क्लिप. बाबांनी चपट्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्लिपखाली सरकवून ती तीन-चार मिलिमीटर उचलली. पूर्ण काढायची नाही, उडून जाते आणि सापडत नाही. क्लिप उचललेली ठेवून वाटी बाहेर ओढली तशी ती टक्कन सुटली. गोळीवर गंज नव्हता. पुसून ग्रीसचं बोट लावलं. नवा शॉकर दांडा खाली करून धरला, वरची वाटी गोळीवर टेकवली आणि तळहातानं दाबली. टक्. मग खालची. एक बाजू पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. दुसरी बाजू मी केली. वाटी गोळीवर बसते तेव्हाचा तो आवाज कानापेक्षा तळहाताला आधी कळतो, आणि तो कळला की ओढून खात्री करायची.

भावानं हात काढले. टेकू काढला. दरवाजा हलला नाही. मग आम्ही तो पुन्हा पुन्हा उघडून-मिटून पाहिला, प्रत्येकानं, काही कारण नसताना.

एक अडचण मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. दरवाजा आता पूर्ण उंचीवर जात होता आणि आईचा हात तिथं पोचेना. कमजोर शॉकरांमुळं तो अर्धा खाली लोंबत असे, तेव्हा तिला बंद करायला सोपा पडे. ती टाचा उंचावून उभी राहिली, हसली नाही, रागावलीही नाही. घरात जाऊन जुन्या प्रवासी बॅगेचा पट्टा घेऊन आली आणि दरवाजाच्या आतल्या खाचेच्या दांडीला दुहेरी टाका घालून शिवून टाकला. दुरुस्ती करताना ती कुणाच्या मापाची, हे विचारायचं असतं. बाबांनी दुकानात विचारलं होतं, पण जोराचं. उंचीचं आईनं स्वतः पाहिलं.

शेजारच्या काकांच्या मोठ्या गाडीला बॉनेटलाही असेच दोन शॉकर आहेत. आमच्या बॉनेटला साधी सळई आहे, ती खाचेत अडकवली की झालं, त्यात थकण्यासारखं काही नाही. इंजिनाच्या धगीजवळचे शॉकर मात्र लवकर थकतात, सील कडक होते. काकांच्या गाडीला नंतर बसवलेलं सीएनजी किट आहे आणि त्याचा भरायचा व्हॉल्व्ह बॉनेटखाली. म्हणजे गॅस भरताना दर वेळी पंपावरचा मुलगा बॉनेट उघडतो आणि आत हात घालतो. त्या मुलाच्या दिवसभरात अशी किती बॉनेटं येत असतील. कुठलं धरतं आणि कुठलं पडतं, हे त्याला कुणीही सांगत नाही; मागच्या गाडीचा हॉर्न चालू असतो. मी काकांना आत्याची गोष्ट सांगितली. त्यांनी माझ्यासमोरच बॉनेट उघडून हात सोडून पाहिला, आणि पुढच्या आठवड्यात नवी जोडी आणली. ती बाबांनी आणि मी बसवली.

उरले जुने शॉकर, आमचे दोन आणि काकांचे दोन. भंगारवाला लोखंड म्हणून आनंदानं नेतो. पण बाबा देईनात. दरवाजा पेलण्याइतका जोर त्यात राहिला नव्हता, तरी हातानं दाबला तर दांडा पुरता आत जात नव्हता. म्हणजे आत अजून पुष्कळ दाब होता. भंगाराच्या दुकानात नळी कटरनं कापतात, कधी भट्टीत टाकतात. उघडू नका, तापवू नका, असं नळीवर छापलेलं असतं, पण पंधरा वर्षांत ती अक्षरं पुसून गेलेली. पुढच्या माणसाला कळायचा मार्ग इथंही नव्हता. बाबांनी चारही नळ्यांवर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आत दाब आहे', आणि त्या आमच्या मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये घेऊन गेलो.

मेस्त्रींना हे काम ठाऊक होतं. दाब कसा सोडायचा, भोक कुठं पाडायचं, याच्या सूचना शॉकर बनवणाऱ्या कंपन्या देतात, आणि ते त्या वाचून करायचं काम आहे, घरी करून पाहायचं नव्हे. त्यांनी डोळ्यांना चष्मा लावला, नळी शिकंज्यात आवळली, वरून जाड गोणपाट टाकलं आणि बंद टोकाजवळ बारीक ड्रिल लावलं. फुस्स करून वायू सुटला, गोणपाटावर तेलाचा फेस आला. मग त्यांनी दांडा एका बोटानं आत ढकलून दाखवला. चारही झाल्यावर ते म्हणाले, 'काका, माझ्याकडं कोपऱ्यात ढीग पडलाय असल्यांचा. गिऱ्हाईक टाकून जातं, भंगारात द्यायला मला भीती वाटते, आणि करायला वेळ होत नाही.'

बाबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. 'दुसरा चष्मा आहे का?'

मेस्त्रींनी आतून चष्मा आणला, मी ढिगातल्या नळ्या पुसून टेबलावर मांडायला घेतल्या, आणि दुपारच्या जेवणाला उशीर होईल असा आईला फोन केला.